डॉ. आनंदीबाई जोशी : एका बाळंतपणातून घडलेले जीवन

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी यांचे नाव मराठी घराला नव्याने सांगावे लागत नाही. पाठ्यपुस्तकातून, कादंबरीतून आणि २०१९ साली आलेल्या चित्रपटातून त्यांचे चरित्र आपल्यापर्यंत पोहोचले आहे. तथापि सातासमुद्रापलीकडे जाऊन डॉक्टर झालेली मराठी स्त्री, एवढ्या ओळखीवरच आपण बहुधा थांबतो. या असामान्य जीवनाला ज्या घटनेने वळण दिले, ती घटना एका बाळंतपणाची होती, हे मात्र आपल्या विस्मरणात जाते.

आज हे चरित्र आम्ही नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकावरील भिवापूर तालुका डोळ्यांसमोर ठेवून सांगत आहोत. गर्भवतीच्या कार्डावर आरोग्यसेविका लाल खूण करते, अतिजोखमीची माता अशी नोंद होते, आणि त्या संध्याकाळी घरात एकच प्रश्न उभा राहतो : बाळंतपण कोठे करावयाचे? माहेरी, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, तालुक्याच्या रुग्णालयात की थेट नागपुरात? या प्रश्नाकडे कसे पाहावे, हे आनंदीबाईंच्या जीवनाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी शिकविले असेल.

बालपण, विवाह आणि दहा दिवसांचे मातृत्व

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. कल्याण येथील हे जोशी घराणे एके काळी संपन्न होते, परंतु पुढे त्याची आर्थिक स्थिती खालावली. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, विधुर होते आणि वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. त्यांनी पत्नीचे नाव आनंदी ठेवले.

पत्नीने शिकले पाहिजे हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्या काळी तो दुर्मीळ होता, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या ध्यासाला कठोरपणाची धारही होती. अभ्यासासाठी लहानग्या आनंदीने मारही खाल्ला. पुढे प्रौढपणी पतीला लिहिलेल्या पत्रातून तिने त्या दिवसांची आठवण संयत शब्दांत करून दिली. थोरांच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्यात आम्हांस स्वारस्य नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला, आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. त्या काळी बाळंतपण म्हणजे घराच्या कोपऱ्यातील अंधारी खोली, बाज, शेगडी आणि सुईण. शिकलेला डॉक्टर सर्वत्र नव्हता. जेथे होता तेथे तो पुरुष होता, आणि पुरुषाने बाळंतिणीला तपासावे हे घराला तसेच त्या स्त्रीलाही मान्य नव्हते. बाळावर वेळेवर योग्य उपचार झाले असते तर ते कदाचित वाचले असते, हे शल्य त्या कोवळ्या आईच्या मनात कायमचे राहिले.

आजच्या आरोग्य खात्याच्या निकषांनी पाहिले तर चौदा वर्षांची, पहिलटकरीण, शरीराची वाढ पूर्ण न झालेली ही मुलगी निश्चितच अतिजोखमीची माता ठरली असती. तिच्या कार्डावर लाल खूण झाली असती. तेव्हा कार्ड नव्हते, खूणही नव्हती. आणि समजा कोणी जाणत्याने धोका ओळखला असता, तरी तिला घेऊन जाता येईल अशी जागा तरी कोठे होती? जोखीम होती, पण जाण्याचे ठिकाण नव्हते. आनंदीबाईंचे पुढील सर्व जीवन म्हणजे ते ठिकाण उभे करण्याची धडपड होय.

अमेरिकेचा मार्ग

टपाल खात्याच्या बदल्यांबरोबर हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता व श्रीरामपूर असे फिरत राहिले. हे श्रीरामपूर बंगालमधील, हुगळीकाठचे. १८८० च्या सुमारास गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. साहाय्य मिळू शकेल, परंतु दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, अशा आशयाचे उत्तर आले. ही अट जोशी दांपत्याने मान्य केली नाही.

ख्रिस्ती वाचकांनी या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. प्रसववेदनांत असलेल्या स्त्रीच्या उपकारासाठी जी विद्या मागितली जात होती, तिच्यापुढे धर्मांतराची अट ठेवली गेली. शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूला त्याचा पंथ विचारला नव्हता. आनंद याचा की हाच पत्रव्यवहार मिशनच्या नियतकालिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती गृहिणीच्या वाचनात आला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांनी तो वाचला. या बाईंनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घराचे दार उघडले. पुढे दोघींचे नाते मावशी-भाचीसारखे झाले. एका दारावर अट होती, दुसऱ्या दारावर माया होती. दोन्ही दारे ख्रिस्ती माणसांचीच होती.

एकट्या विवाहित हिंदू स्त्रीने परदेशी जाणे ही समाजाच्या दृष्टीने अक्षम्य गोष्ट होती. टीकेचा गदारोळ उठला तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी उभे राहून आपली बाजू मांडली. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचतात आणि त्या संकोचापायी प्राणास मुकतात, म्हणून स्त्री डॉक्टरांची या देशाला निकड आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही त्यांनी तेथे निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तेथील अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना मायेने सांभाळले. कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाची अडचण, अंगावर नऊवारी साडी आणि हळूहळू पोखरत जाणारा क्षय, अशा स्थितीत अभ्यास चालला. पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडताना त्यांनी आपल्या दुःखाच्या मुळाशीच हात घातला. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. आपल्या देशात बाळंतपण कसे होते, त्याविषयी जुने ग्रंथ काय सांगतात, याचा मागोवा त्यांनी त्यात घेतला. दहा दिवसांच्या बाळाची आई आता प्रसूतीचा शास्त्र म्हणून विचार करीत होती.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम उपस्थित राहिल्या होत्या. राणी व्हिक्टोरिया यांचा अभिनंदनाचा संदेशही आला. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या भारतीय स्त्रियांची परंपरा या दोघींपासून सुरू झाली.

न उघडलेला कक्ष

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमणूक केली. अंधाऱ्या खोलीबाहेर, स्त्री डॉक्टरच्या हाताखाली, लाज आणि जीव दोन्ही सुरक्षित राहतील असे बाळंतपणाचे ठिकाण आता प्रत्यक्षात येणार होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, परंतु शरीर पूर्ण खचले होते. कोल्हापूरचा कार्यभार हाती घेण्याचा दिवस उजाडलाच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांना विसावा मिळाला. जिने हिंदू म्हणून परतण्याचा शब्द पाळला, तिच्या अस्थींना एका ख्रिस्ती घराण्याने आपल्या माणसांशेजारी जागा दिली.

आनंदीबाईंच्या हातून रुग्णसेवा फारशी घडू शकली नाही. मग त्यांच्या जीवनाचे फलित काय? आमच्या मते त्यांनी मागे ठेवलेला प्रश्नच फळाला आला. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेले आपले इंग्रजी पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले. मुंबईत १८८६ सालीच स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते आणि डॉ. एडिथ पीची तेथे काम करीत होत्या. डॉ. रखमाबाई १८९४ साली लंडनहून पदवी घेऊन आल्या आणि त्यांनी मुंबई, सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा या विषयातील प्रवासही सरळ झाला नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. रावळपिंडी येथे १९०९ साली डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन यांच्या प्रयत्नाने स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले, परंतु धर्मभगिनींना प्रसूतीचे काम करण्याची मुभा तेव्हाच्या धर्मनियमांनुसार नव्हती. ही बंदी उठावी म्हणून मॅक्लारेन यांनी रोमकडे वारंवार विनंती केली. त्यांच्यानंतर ऑस्ट्रियाच्या डॉ. आना डेंगल यांनी त्याच रावळपिंडीत १९२० ते १९२४ या काळात काम केले. पडद्याआड प्राण सोडणाऱ्या माता पाहून त्यांनी १९२५ साली अमेरिकेत मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने धर्मभगिनींना प्रसूतिसेवेची परवानगी दिली. आज मिशन रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात सिस्टर दिसतात त्यामागे हा इतिहास आहे. तो आनंदीबाईंच्या प्रश्नाचेच दुसरे उत्तर आहे.

आजचे भिवापूर आणि लाल खूण

आता आपल्या परिसराकडे वळू. मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले भिवापूर नागपूरपासून उमरेडमार्गे सुमारे ६५ ते ७० किलोमीटरवर आहे. जुनी छोटी रेल्वे २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. रात्रीच्या वेळी, गावातून निघून, वाहन मिळवून नागपूर गाठण्यास दीड ते दोन तास सहज लागतात. दुसरीकडे वैद्यकशास्त्र सांगते की प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर धडधाकट स्त्रीही साधारण दोन तासांत दगावू शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न उलगडतो. जेथे धोका आधीच कळला आहे, तेथे कळा सुरू झाल्यावर नव्हे, त्यापूर्वीच ठिकाण ठरले पाहिजे.

लाल खूण म्हणजे त्या स्त्रीला लागलेला बट्टा नव्हे, तिच्या नशिबाचा निकालही नव्हे. ती तिच्यासाठी लिहिलेला पत्ता आहे. कोणत्या कारणाने खूण झाली, हे प्रथम विचारावे. तीव्र रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जुळे, आडवे मूल, पूर्वीचे सिझेरियन, अठरापेक्षा कमी किंवा पस्तिसापेक्षा जास्त वय अशी कारणे निरनिराळी असतात, आणि प्रत्येक कारणाचे ठिकाण एक नसते. मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय वेळीच औषधोपचार घेतल्यास पुष्कळदा सुधारतो, आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने जवळच्या रुग्णालयातही प्रसूती होऊ शकते. परंतु पूर्वीचे सिझेरियन, जुळे किंवा अति रक्तदाब असेल तर शस्त्रक्रियागृह, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष जेथे रात्रीही उपलब्ध आहे, तेच ठिकाण योग्य. चकचकीत इमारतीपेक्षा या पाच गोष्टींची चौकशी अधिक मोलाची आहे.

विदर्भात आणखी एक कारण विशेष महत्त्वाचे आहे, ते म्हणजे सिकलसेल. सिकलसेलग्रस्त मातेला गर्भारपणात वेदनेचे झटके, जंतुसंसर्ग व तीव्र रक्तक्षय यांचा धोका अधिक असतो. तिची प्रसूती रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावी. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून पतीनेही तपासणी करून घ्यावी. ती केवळ सुनेची तपासणी नव्हे.

येथे माहेरचा प्रश्न येतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत मायेची आहे आणि तिचा अनादर आम्ही करीत नाही. परंतु माहेर रुग्णालयापासून किती दूर आहे, हे त्या रीतीला ठाऊक नसते. आईच्या हातचा डिंकाचा लाडू आणि शेक-शेगडी प्रसूतीनंतरही मिळू शकते. प्रसूतीची घटका मात्र पुन्हा येत नाही. आपल्या राज्यात काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्रालगत माहेरघर नावाची खोली उभी करून गर्भवतीला दिवस भरण्यापूर्वीच तेथे ठेवण्याची योजना राबविली गेली, ती याच विचाराने. नागपुरात नातलग असतील तर अखेरच्या दोन आठवड्यांसाठी त्यांचे घर हेच माहेर समजावे.

खर्चाची भीती अनेकांना अडविते. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, आहार आणि ने-आण या सर्व गोष्टी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत. १०२ व १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्भवतींच्या तपासणीचा विशेष उपक्रम २०१६ पासून चालतो. नागपुरात मेडिकल, मेयो व डागा ही शासकीय रुग्णालये आहेत. कोणत्या दिवशी नाव नोंदवावे, सोबत कोण जाईल, रक्तदाते कोण, घरच्या लहान मुलांना कोण सांभाळील, हे सातव्या महिन्यातच ठरवून कागदावर लिहावे. आशा स्वयंसेविकेचा क्रमांक घरातील प्रत्येकाजवळ असावा. आणि ज्यांच्या कार्डावर लाल खूण नाही त्यांनीही घरी प्रसूतीचा विचार करू नये, कारण अनेक गुंतागुंती पूर्वसूचना न देताच येतात.

निर्णय कोणाचा, हा शेवटचा व कळीचा प्रश्न. आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षी कोणी काही विचारले नाही. आजही अनेक घरांत सासूबाई, सासरे व पती बोलतात आणि जिच्या जिवाचा प्रश्न आहे ती गप्प बसते. मिरचीच्या तोडणीचे दिवस आहेत, इतक्यात नागपूर कशाला, असे कोणी म्हणाले तर तिने मान खाली घालू नये, आणि पतीने तिच्या बाजूने उभे राहावे. डॉक्टरांचा सल्ला तिच्यासमोर, तिच्या भाषेत समजावून घ्यावा.

२०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचे प्रमाण तेव्हा ९७ होते. आनंदीबाईंच्या काळाच्या तुलनेत हे मोठे यश आहे. तरीही त्या ३३ जणींपैकी प्रत्येकीचे घर तिच्यापुरते पूर्ण रिकामे झाले.

मरियामाता डोंगराळ प्रदेशातून चालत वयोवृद्ध एलिझाबेथकडे गेली आणि तिच्या अवघड दिवसांत तीन महिने तिच्याजवळ राहिली. धर्मग्रामातील महिला मंडळांना आमची विनंती एवढीच आहे : आपल्या वस्तीत, मग ती कोणत्याही धर्माची असो, लाल खूण असलेली भगिनी कोण आहे हे जाणून घ्या. तिच्यासोबत तपासणीला जा. तिच्या घरच्यांशी बोला. गरज पडल्यास रक्तदाते उभे करा. आनंदीबाईंना जो कक्ष उघडता आला नाही, त्याचे दार आज उघडे आहे. आपल्या लेकीसुनांना तेथपर्यंत वेळेत पोहोचविणे हे आता आपल्या हाती आहे.